दुसऱ्याच्या ब्लॉगची मांडणी आवडली, तर ती उचलून वापरता येते का?

तुम्ही विचारलंय, की एका ब्लॉगची मांडणी फार आवडली, तर 'व्ह्यू सोर्स' करून, म्हणजे ब्राउझरमध्ये पानाचा कोड उघडून, त्याची सीएसएस (रंग, रकाने, अक्षरं ठरवणारी फाइल) घ्यायची आणि तळाला 'साभार' लिहायचं, एवढं पुरे का? नाही, पुरे नाही. साभार लिहिणं म्हणजे श्रेय देणं. परवानगी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आधी घ्यायची असते.

दोन रकाने, बाजूला जुन्या नोंदींची यादी, मातकट पार्श्वभूमी, या कल्पना कुणीही वापराव्यात. त्यांच्यावर कुणाची मालकी नाही. पण कुणीतरी रात्री जागून लिहिलेली फाइल जशीच्या तशी उचलणं वेगळं. ती ब्राउझरमध्ये उघडी दिसते म्हणून सार्वजनिक होत नाही.

बऱ्याचदा मात्र विचारायची गरजच पडत नाही. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत संग्रहातल्या थीम, म्हणजे तयार मांडण्या, जीपीएल या खुल्या परवान्याखाली किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्याखाली असतात: घ्या, बदला, पुढे द्या, फक्त पुढे देताना परवाना तोच ठेवा. मायकेल हाइलमनची 'क्युब्रिक' आठवते? निळ्या पट्टीची ती मांडणी 2005 मध्ये वर्डप्रेस 1.5 सोबत आपोआप येणारी थीम झाली आणि 2010 पर्यंत तिथेच होती. त्या काळात कितीतरी जणांनी वरचं चित्र बदलूनच आपला ब्लॉग थाटला. मीही तिचीच फाइल चाळत सीएसएस शिकलो.

फुकट टेम्पलेट वाटणाऱ्या कुठल्यातरी साइटवरून घेणार असाल तर जपून. माझ्या गड-किल्ल्यांच्या ब्लॉगला मी एक असंच टेम्पलेट लावलं होतं. तळाशी एका अनोळखी दुकानाची लिंक होती, ती काढली, तर अख्खा ब्लॉग त्यांच्याच साइटवर जायला लागला. शोधलं तेव्हा फाइलच्या शेवटी गिचमिड अक्षरांची एक लांबलचक ओळ सापडली, ही सगळी करामत तिची. शिवाय पार्श्वभूमीची चित्रं त्यांच्या सर्व्हरवरून येत होती. तो बंद पडला आणि माझी पानं पांढरीफटक झाली. म्हणून चित्रं नेहमी आपल्याकडे उतरवून ठेवा, अर्थात परवाना तसं करू देत असेल तर.

आता मराठी ब्लॉगरसाठी खरी महत्त्वाची गोष्ट. ही टेम्पलेटं रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात. शीर्षकाला दोन पिक्सेलचं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, दिलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, 'राजगड'ची मात्र शिरोरेघ तुटते. ते शून्य करा. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, 1.3 असेल तर वरच्या ओळीतल्या 'गुरूंचा'मधल्या 'गु'चा उकार खालच्या ओळीतल्या 'सर्वांत'च्या रफार-अनुस्वारावर जाऊन टेकतो. मी 1.7 ठेवतो. अवतरणांची तिरकी अक्षरं सरळ करा, कारण देवनागरी फॉन्टात तिरपी घडण सहसा नसतेच, ब्राउझर नुसतं अक्षर ढकलून वाकवतो. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. फॉन्टात सोय असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. 'मुक्ता'सारखे मुंबईत घडलेले फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, ते निर्धास्त वापरा.

हे बदल स्वतःपुरते ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी एका ताईंची मांडणी विचारून घेतली होती. महिनाभराने देवनागरीसाठी दुरुस्त केलेली फाइल त्यांना परत पाठवली, तर त्यांनी ती आपल्या ब्लॉगला लावली आणि आणखी दोघांना दिली.

तुम्हीही चार ओळींची मेल लिहा: "तुमच्या ब्लॉगची मांडणी मला आवडली. माझ्या ब्लॉगला वापरू का? जाहिराती नाहीत. तुमचं नाव आणि दुवा तळाशी राहील, आणि जे बदल करीन ते तुम्हाला पाठवीन." उत्तर येईपर्यंत थांबा. नाही म्हणाले, तर ते पान बंद करून तुमच्या आठवणीतून नवी फाइल लिहायला घ्या.