पहिल्या सत्रात एवढंच करा

अभिनंदन! इंदूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवणार, म्हणजे झाबुआ, अलीराजपूर, खरगोनकडची मुलंही समोर असणार. बरीचशी हिंदी माध्यमाची, घरी भिली किंवा निमाडी बोलणारी. ती मठ्ठ नसतात. मधल्या इयत्तांचं काहीतरी राहून गेलेलं असतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात आठवी ते दहावीची दहा गणितं द्या, गुण न धरता. अपूर्णांक, गुणोत्तर, आलेख वाचणं. ०.१ मोलर द्रावणाचं गणित बहुतेकांना रसायनात नाही, गुणोत्तरात अडतं. लिटरला ०.१ मोल, तर २५० मिलिलिटरला किती? इथेच पेन थांबतं. तेवढं दोन तास घेऊन पक्कं करून घ्या. पोर्शन थोडा मागे पडला तरी चालेल.

‘समझ में आया?’ असं विचारू नका. सगळा वर्ग ‘जी सर’ म्हणतो. एक गणित घाला आणि बाकांमधून फिरत वह्या बघा.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:
- पहिल्या बाकाकडे बघून शिकवणं
- नुसत्या नोट्स उतरवून देणं
- तपासलेल्या चाचण्या महिनाभर कपाटात ठेवणं

हिंदीत समजावायला अजिबात संकोचू नका, हे माझं ठाम मत. प्रोजेक्टर, गटचर्चा वगैरे पुढच्या सत्रात बघू.