शाळा काही आठवडे बंद असेल आणि मोबाईलला रेंजही नसेल, तर मुलांचा अभ्यास कसा चालू ठेवावा?

आपण लिहिले आहे की, कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका सरकारी प्राथमिक मराठी शाळेत आपली नुकतीच नेमणूक झाली आहे. पावसाने वर्गखोल्या धोकादायक झाल्यामुळे शाळा काही आठवडे भरणार नाही. पहिली ते पाचवीची मुले वेगवेगळ्या वाड्यांवर विखुरलेली आहेत, निम्म्याहून अधिक घरांत स्मार्टफोन नाही आणि ज्या घरांत आहे तेथे रेंज नाही. मी याच जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत शिकवत आलो आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात अनेक शाळा पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी द्याव्या लागल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी कोरोनामुळे सगळ्याच शाळांना कुलूप लागले. त्या दोन्ही काळांतील अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, मुलांना अभ्यास पाठवण्याची सोय करण्याआधी त्यांनी केलेला अभ्यास आपल्याकडे परत येण्याची, आणि आपण तपासलेली वही पुन्हा त्यांच्या हातात पडण्याची सोय आपण पक्की करावी. बाकी सर्व उपाय त्यानंतरचे आहेत.

असे म्हणण्याचे कारण सांगतो. मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते पाचवीचे वर्ग कर्नाटकात २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असे कोणी म्हणू नये. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर वरच्या वर्गांचे पाठ दाखवले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये 'विद्यागम' योजना सुरू झाली आणि शिक्षक वस्तीवस्तीत जाऊन देवळाच्या सभामंडपात, झाडाखाली, कोणाच्या तरी सोप्यात मुलांचे लहान गट बसवू लागले. ती योजना ऑक्टोबरमध्ये संसर्गाच्या भीतीने थांबवावी लागली. तरीही माझ्या मते त्या काळातील सर्वांत शहाणा विचार तोच होता, कारण त्यात शिक्षकाला मुलाची वही दिसत होती. त्याउलट ज्या महिन्यांत सगळा भार व्हॉट्सॲपवर होता, त्या महिन्यांत आम्ही रोज सकाळी स्वाध्यायाचे फोटो टाकत असू आणि पालकाने ते पाहिल्याची निळी खूण दिसली की अभ्यास पोहोचला असे मानले जाई. मुलेही आज्ञाधारकपणे पुस्तकातील उतारे वहीत उतरवून काढत. मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल शाळा उघडली तेव्हा तिसरीत बसले होते. त्याच्या दोन वह्या भरलेल्या होत्या, पण त्यातीलच एखादी ओळ वाचायला सांगितली तर ते गप्प राही. पुढे २०२२-२३ हे वर्ष राज्याला 'कलिका चेतरिके' या नावाने मागचे राहिलेले भरून काढण्यासाठी द्यावे लागले.

आपली शाळा काही आठवड्यांसाठीच बंद आहे, त्यामुळे परिस्थिती इतकी बिकट होणार नाही. पण पहिली-दुसरीच्या मुलांच्या बाबतीत काही आठवडेही पुष्कळ असतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत आपण प्रत्येक मुलाला त्याच्या घरी एकदा भेटावे आणि त्याला कितवीत आहे हे न विचारता काय वाचता येते ते पाहावे. २००५पासून 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या, मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीतील पायऱ्या यासाठी सोयीच्या आहेत: मूल अक्षर ओळखते का, साधा शब्द वाचते का, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद वाचते का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते का. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे, एवढे पुरे. एका मुलाला पाच-सात मिनिटे लागतात. यातून जे गट पडतील ते इयत्तेशी जुळणार नाहीत. चौथीतील एखादे मूल दुसरीतील मुलीच्या मागे निघेल. शाळा भरत असताना ही सरमिसळ हाताळणे कठीण जाते, मात्र बंदच्या काळात इयत्तेच्या भिंती नसल्यामुळे पातळीप्रमाणे काम देणे उलट सोपे होते. नली-कली, म्हणजे कर्नाटकातील सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांतील कार्डांवर आधारलेली कृतिशील पद्धत, तिच्या वर्गात शिकलेल्या मुलांना आपापल्या पायरीवर काम करण्याची सवय असते. ती कार्डे शाळेच्या कपाटात असतील तर, कपाट भिजण्याआधी, बाहेर काढून घ्यावीत.

आता वहीच्या वाटेविषयी, कारण सगळे याच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक मुलाच्या दोन वह्या कराव्यात, म्हणजे एक मुलाकडे असताना दुसरी आपल्याकडे तपासणीला असेल आणि काम थांबणार नाही. कोणत्या वाडीची वही कोणत्या दिवशी येईल आणि कोणत्या दिवशी परत जाईल हे वार ठरवून द्यावेत आणि ते मोडू नयेत. पालक अभ्यासक्रम लक्षात ठेवत नाहीत, वार लक्षात ठेवतात. वही नेण्या-आणण्यासाठी नवी व्यवस्था उभारण्यापेक्षा गावात आधीपासून चालू असलेली ये-जा वापरणे शहाणपणाचे असते. ज्या वाडीत दूध डेअरी आहे तेथे सकाळ-संध्याकाळ जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी किटली घेऊन येतेच, तेव्हा डेअरीत एक पत्र्याची पेटी ठेवली की निम्मे काम होते. डेअरी नसेल तेथे अंगणवाडी, रेशन दुकान किंवा स्त्री शक्ती संघाची, म्हणजे महिला बचत गटाची, साप्ताहिक बैठक उपयोगी पडते. कोरोनाच्या काळात मध्यान्ह आहाराचे तांदूळ आणि डाळ नेण्यासाठी पालक शाळेत येत, आणि ज्या शिक्षकांनी त्याच दिवशी वह्या घेण्या-देण्याची पद्धत पाडली होती त्यांना मुलांच्या मागे फिरावे लागले नाही. एक व्यावहारिक सूचना अशी की, आपल्याकडील जुलै-ऑगस्टचा पाऊस लक्षात घेता प्रत्येक वही जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वरच्या बाजूला नाव लिहूनच द्यावी. शाईच्या पेनाऐवजी शिसपेन चांगली, भिजली तरी अक्षर राहते.

वहीत दर खेपेला काम किती असावे? माझ्या मते दिवसाला अर्ध्या तासाचे, त्याहून अधिक नाही. हे दिवस रोपलावणीचे असतात, घरातील मोठी माणसे शेतात असतात, चौथी-पाचवीची मुले बांधावर भावंडे सांभाळतात किंवा गुरांमागे जातात. तीन तासांचा अभ्यास दिला तर तो होत नाही आणि न झालेला अभ्यास मुलाला वहीपासून तोडतो. त्या अर्ध्या तासात थोडे जुने असावे, जे पुस्तक मिटून आठवून लिहायचे आहे. थोडे नवे असावे. आणि एखादी गोष्ट घरातलीच असावी. पुस्तक मिटून आठवणे याला मी फार महत्त्व देतो, कारण पाहून उतरवण्यात हात चालतो आणि डोके थांबते. 'मागच्या आठवड्यात वाचलेल्या धड्यातील तीन गोष्टी आठवून लिही' एवढ्या साध्या सूचनेने मुलाला जे करावे लागते ते पानभर शुद्धलेखनाने होत नाही. घरातल्या गोष्टींना तर तोटाच नाही. डेअरीच्या पावतीवर लिटर, फॅट आणि दर असतो. पाचवीच्या मुलाने दहा दिवसांच्या पावत्यांवरून बिल किती यावे ते काढावे आणि प्रत्यक्ष आलेल्या बिलाशी ताडून पाहावे. एका पेंढीत रोपे किती, एका वाफ्याला पेंढ्या किती, असे मोजून तिसरीतील मुलगी गुणाकार करू शकते. आजीला विचारून गावातील ओढ्यांची, शेतांची नावे लिहून आणणे हा परिसर अभ्यासाचाच भाग आहे.

तपासणी ही या सगळ्यातील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. लाल शाईने बरोबरची खूण करून 'छान' लिहिले म्हणजे वही तपासली असे होत नाही. मुलाने ५२ − २७ = ३५ असे लिहिले असेल तर ते निष्काळजीपणाने लिहिलेले नसते; त्याने सातातून दोन वजा केले आहेत, कारण लहान संख्या मोठीतून काढायची असते एवढेच त्याला पक्के ठाऊक आहे. अशा वेळी चुकीवर फुली मारून खाली २५ लिहिले तर ते मूल २५ उतरवून घेईल आणि पुढच्या उदाहरणात तेच करील. त्याऐवजी 'काड्यांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या घे, त्यातून सत्तावीस काढून दाखव, जुडी कोठे सोडावी लागली ते लिही' असे लिहावे. प्रत्येक वहीत उत्तर द्यावेच लागेल असा एक प्रश्न असावा. मग तो अभ्यासाचाच असला पाहिजे असेही नाही. 'तुमची म्हैस व्याली का?' या प्रश्नाला मिळालेल्या तीन ओळींच्या उत्तरात मला कित्येकदा निबंधापेक्षा चांगले मराठी वाचायला मिळाले आहे. सर्व वह्यांतील सगळ्या चुका दाखवण्याचा हट्ट धरू नये, एका खेपेला एकच चूक धरावी.

वाडीतील मुलांचे तीन-चार जणांचे गट करून एखाद्या सहावी-सातवीच्या मुलीवर रोज मोठ्याने वाचून घेण्याची जबाबदारी सोपवता येते. लहान मुलांना वाचन ऐकणारे कोणीतरी लागते आणि ते काम वही करू शकत नाही. मात्र शिकवणे तिच्यावर टाकू नये, ऐकून किती ओळी वाचल्या तेवढे टिपून ठेवायला सांगावे.

आपल्या भागातील मराठी शाळांत बंदच्या काळात सर्वांत आधी काय मागे पडत असेल तर ते कन्नड. मराठी घरात बोलले जाते, गणित बाजारात वापरले जाते, पण पश्चिम खानापुरातील अनेक वाड्यांवर शाळा सुटली की मुलाच्या कानावर कन्नड पडतच नाही. पुढे हायस्कूलमध्ये आणि दहावीच्या परीक्षेत याच विषयाला मुले घाबरतात, हे आपण जाणताच. यासाठी कन्नडचे पाठ पाठवण्यापेक्षा घरात आलेले कन्नड वाचायला लावावे: हेस्कॉमचे वीजबिल, रेशन कार्ड, जमिनीचा उतारा, बसच्या पाटीवरील गावांची नावे. वडिलांना न वाचता येणाऱ्या बिलावरील नाव आणि रक्कम मूल वाचून दाखवते तेव्हा घरातही त्या विषयाची किंमत वाढते. खानापूर किंवा नंदगडच्या बाजाराला गेलेल्या मुलाने तेथे ऐकलेली दोन कन्नड वाक्ये देवनागरीत जरी लिहून आणली तरी ती आपण वहीत कन्नड लिपीत लिहून परत करू शकता.

दूरचित्रवाणीचा उपयोग जपून करावा. कोरोनाच्या काळात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखवली गेली आणि सीमाभागातील अनेक मराठी मुलांनी ती आवडीने पाहिली. पण ती महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली होती आणि आपली पुस्तके कर्नाटकची आहेत. भाषा आणि गणितातील संकल्पना कळायला असे कार्यक्रम चालतात, धडा 'झाला' असे मात्र त्यावरून धरू नये. मोबाईलचे म्हणाल तर रेंज नसलेल्या गावातही रेंज मिळणारी एखादी टेकडी किंवा वळण असते आणि ते सर्वांना ठाऊक असते. स्मार्टफोन नसलेल्या पालकाशी साध्या फोनवर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पाच मिनिटे बोलणे आणि त्याच फोनवर मुलाकडून परिच्छेद वाचून घेणे हे चित्रफितींच्या ढिगापेक्षा अधिक उपयोगी आहे. राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने मराठी माध्यमाची पुस्तके संकेतस्थळावर ठेवलेली असतात. ज्याचे पुस्तक पुरात किंवा गळतीत खराब झाले असेल त्याच्यासाठी हवी तेवढीच पाने तालुक्याला गेल्यावर छापून आणावीत.

दोन गोष्टी कागदावर असाव्यात. एक म्हणजे शाळा सुधारणा समितीचा, आपण ज्याला एसडीएमसी म्हणतो तिचा, ठराव. देवळाचा मंडप किंवा ग्रामपंचायतीची खोली वापरायची असेल तर त्या ठरावासह सीआरपी (शाळासमूहाचे साधन-व्यक्ती) आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. दुसरी म्हणजे कोणत्या मुलाची वही कधी आली आणि गेली याची नोंदवही. आणखी एक सांगणे जरूर आहे. मलप्रभेच्या उगमाकडील या भागात ओढे तासाभरात चढतात. वही देण्यासाठी किंवा गटात बसण्यासाठी एकाही मुलाला ओढा किंवा साकव ओलांडावा लागता कामा नये, आणि पाणी असेल त्या दिवशी आपणही जाऊ नये. वही चार दिवस उशिरा पोहोचली तरी चालते.

अभ्यासक्रम मागे राहील, तो राहू द्यावा. भाषेचे वाचन-लेखन आणि गणितातील संख्या व चार क्रिया एवढे सांभाळले तर परिसर अभ्यासाचे राहिलेले पाठ शाळा उघडल्यावर झपाट्याने घेता येतात, पण याच्या उलट होत नाही. शाळा उघडेल त्या आठवड्यात नवा धडा काढू नये. वह्या समोर असतीलच, त्यांवरून पुन्हा एकदा त्याच पायऱ्यांनी प्रत्येकाला वाचायला लावून मगच पुढे जावे.

ज्या मुलाची वही लागोपाठ दोन वेळा आली नाही, त्याच्या घरी आपण स्वतः जावे, इतर कोणाला पाठवू नये. बहुतेक वेळा कारण अभ्यासाचे नसते. आई आजारी असते, मुलगी धाकट्यांना सांभाळत घरी असते, किंवा सगळे कुटुंबच कामासाठी गोव्याला गेलेले असते आणि मूलही सोबत असते. गोव्याला गेलेल्या मुलाच्या वडिलांचा फोन नंबर शेजाऱ्यांकडे मिळतो. तेथे रेंजही असते, तेव्हा आठवड्याचे काम फोटो काढून पाठवता येते आणि त्याची उत्तरेही तशीच मागवता येतात. असे मूल पटावरून कमी करण्याची घाई करू नये. शाळा सुरू होण्याची तारीख त्याच्या घरी सर्वांत आधी कळवावी.