दारू सोडल्यानंतरची तिसरी रात्र, आणि इतर प्रश्न

श्रावण जवळ आला की पत्रांत माळ घालून दारू एकदम सोडण्याचा एकच प्रश्न चार-पाचदा येतो, फक्त गाव बदलतं. यंदा त्याला जागा जास्त दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न (संकेश्वर): मानसिक आजाराच्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात. खरं का?

भ्रम आणि नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांचं लागतं, आणि नेमक्या त्याच लोक चिठ्ठीशिवाय मागतात. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

प्रश्न (चिकोडी): मुलगा बावीस वर्षांचा. सात महिने एकटाच बोलतो, शेजारी मोबाईलमधून त्याच्याबद्दल बोलतात म्हणतो, कॉलेज सोडलं. देवर्षीने करणी सांगितली. पाहुणे म्हणतात, लग्न करून द्या.

सात महिने! देवर्षीकडे किती फेऱ्या झाल्या ते विचारत नाही. नसलेले आवाज ऐकू येणं आणि पुरावा दाखवूनही न हलणारा संशय, याला सायकोसिस म्हणतात. उपचार जितके उशिरा सुरू होतात, तितकं मूल पूर्वपदावर यायला अवघड जातं. देवाला जायचं तर जा, अंगारा लावा, पण गोळी थांबवू नका. लग्न हा उपचार नव्हे; त्यात आणखी एका घरची मुलगी अडकते. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत, बेळगावच्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे याच आठवड्यात न्या. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर बोला. कन्नडची अडचण असेल तर तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न (निपाणी): नवरा वीस वर्षं रोज पीत होता. एकादशीला माळ घातली, त्याच दिवशी दारू बंद. दुसऱ्या दिवशी हात थरथरत होते. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडायला लागले. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं, दीर म्हणाला वेड लागलं. मिरजेला ॲडमिट केल्यावर शुद्धीवर आले. हे काय होतं?

दारू मेंदूला रोज गुंगी देते, आणि मेंदू वर्षानुवर्षं त्या गुंगीविरुद्ध जोर लावून चालतो. दारू एकदम थांबली की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापतात, घाम येतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान तुम्ही पाहिलंत ते: ताप, घाम, धडधड, दिवस-रात्रीचं भान नाही, भिंतीवर किडे. यात माणूस दगावू शकतो. सायकोसिसचा रोगी बहुधा आपण कुठे आहोत ते बरोबर सांगतो. दारू सुटलेल्या या माणसाला मात्र दवाखाना घर वाटतं.

वडगावचा एक यंत्रमागवाला पाय मोडून वॉर्डात आला होता. ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या रात्री तो दोन बोटांनी हवेत तुटलेला धागा शोधून गाठ मारत बसला. गाठ मारायची, चिमटीने ओढून बघायची, पुढचा धागा. नातेवाईक म्हणाले, भुलीच्या इंजेक्शनने बिघडलं. दारूचं कुणी सांगितलंच नव्हतं, लाजेने. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना रोजचा हिशेब सांगा, क्वार्टरमध्ये सांगितलात तरी चालेल.

आणखी एक. अशा माणसाला 'अशक्तपणा आहे, ग्लुकोज चढवा' म्हणून गावातल्या दवाखान्यात झोपवतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, बहुधा पुरेसं उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर डोळ्यांची हालचाल, तोल आणि स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते. रक्तातली साखर घसरलेली असेल तर ग्लुकोज लगेच हवंच, पण सोबत थायमिनचं इंजेक्शनही हवं. थरथर शमवायला ठरावीक गोळ्या ठरावीक दिवस देऊन कमी करत आणतात. हे काम घरी अंदाजाने करायचं नाही.

माळ जरूर घाला. रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा, मग तुळशीची माळ.

प्रश्न (बेळगाव): बहीण उदास होती, म्हणून तिला जावेच्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या. आता दोन तास झोपते, उधारीवर नऊ साड्या आणल्या, बोलणं थांबत नाही. बरी झाली का?

नाही. दुसऱ्याच्या गोळ्या दिल्यात ही मोठी चूक. उदासी आणि असा उत्साह आलटून पालटून येणारा आजार असेल, तर नुसती नैराश्याची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. आजच डॉक्टरांना फोन करून त्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारा आणि उद्या तिला दाखवा. पुढे लिथियम, म्हणजे या आजारावरचं औषध, सुरू झालं तर रक्ताची तपासणी चुकवू नका, आणि जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगदुखीची गोळी घ्यायची वेळ आली तर आधी विचारा. त्याची पातळी पटकन चढते.

प्रश्न (हुक्केरी): न सांगता आमटीत घालायची दारू सोडवणारी पुडी मिळते. घ्यावी का?

घेऊ नका. अशा पुडीत काय असतं ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात. घरात पुडी आणली असेल तर डॉक्टरांना नेऊन दाखवा.

प्रश्न (खानापूर): गोव्यात कामाला आहे. सकाळी हात कापतात, एक पेग घेतला की थांबतात. हे व्यसन का?

हो. एकदम बंद करू नका. वरचं निपाणीचं उत्तर पुन्हा वाचा आणि सुट्टीची वाट न पाहता तिथल्याच डॉक्टरला दाखवा.