इस्त्रीवाल्याला परत आण

अरे,

तुझी स्क्रिप्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहा घेताना परत वाचली, शेजारी तुझ्या मैत्रिणीचं मूळ कॉमिक उघडं ठेवून. फाइट मस्त जमलीये, डायलॉग तर कॉमिकपेक्षा चांगले झालेत, पण शेवटी पूल पडतो तिथे मला आतून काहीच झालं नाही रे. कॉमिकमध्ये त्याच जागी घशात आवंढा आला होता. मग दोन्ही पानापानाने जुळवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, तू त्या पुलाखालच्या इस्त्रीवाल्याला काढून टाकलंयस.

का काढलंस तेही कळतंय. पंचवीस मिनिटांची फिल्म, तो हिरोशी एक शब्द बोलत नाही, त्याच्यामुळे गोष्ट पुढे सरकत नाही. पण कॉमिकमध्ये असा माणूस जवळजवळ फुकटात राहतो हे समजून घे, चित्राच्या कोपऱ्यात काढला की झालं, वाचणारा पुढे जातो, नंतर वाटलं तर चार पानं मागे येऊन त्याला परत बघतो. सिनेमात तसं नाही, तिथे त्याला नट लागतो, शूटिंगचा वेळ लागतो, पडद्यावरचे सेकंद लागतात, म्हणून कॉमिकवरून फिल्म बनवताना पहिली कात्री नेहमी याच लोकांवर चालते.

सगळ्यात मोठं उदाहरण माझ्यासाठी 'वॉचमेन'. लेखक अॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांचं हे सुपरहिरोंचं कॉमिक १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलं, आणि त्यात न्यूयॉर्कच्या एका चौकात एक पेपरवाला बसतो जो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला जगाचं राजकारण ऐकवतो, आणि त्याच्या स्टॉलला लागून एक पोरगा पैसे न देता समुद्री चाच्यांचं कॉमिक वाचत बसलेला असतो. अंकामागून अंक हेच. अकराव्या अंकात पेपरवाल्याला कळतं की त्या पोराचं आणि आपलं नाव एकच आहे, बर्नार्ड, त्याला त्याचं केवढं अप्रूप वाटतं आणि पोरगा म्हणतो त्यात काय एवढं. आणि थोड्याच वेळात स्फोट होतो, म्हातारा पोराला मिठीत घेतो, दोघांच्या आकृत्या एकमेकांत मिसळतात आणि मग पांढरं पान. त्याच चौकात लाँग नावाचा एक मानसोपचार डॉक्टरही असतो, बायको त्याला सांगत असते की दुसऱ्यांच्या भानगडीत पडलास तर आपलं संपलं, आणि तरी तो रस्त्यावरची मारामारी सोडवायला जातो. लाखो माणसं मरतात हा आकडा झाला रे, आकड्याने कोणी रडत नाही, पण या चार-पाच जणांची अर्धवट राहिलेली भांडणं आणि बोलणी आपल्याला माहीत असतात म्हणून ते पांढरं पान बघवत नाही.

२००९ ला फिल्म आली ती थिएटरमध्ये १६२ मिनिटांची होती. दिसायला कॉमिकच्या फ्रेमशी किती प्रामाणिक, मला अजूनही तिचं कौतुक वाटतं, पण पेपरवाला आणि पोरगा त्यात स्फोटाच्या वेळी मिठी मारताना दिसतात आणि गेले. कॉमिक न वाचलेल्या माणसासाठी ते कोण? कोणीही नाही. नंतर २१५ मिनिटांचा अल्टिमेट कट, म्हणजे त्याच फिल्मची लांबवलेली आवृत्ती, आला त्यात त्यांचे सीन परत घातलेत, ते चाच्यांचं कॉमिकही अॅनिमेशनमध्ये मध्येमध्ये येतं. तुला जमेल तेव्हा दोन्ही लागोपाठ बघ, फक्त त्या मिठीसाठी बघ. मिठी तीच आहे, पण एकीत ती दोन अनोळखी माणसांची आहे आणि दुसरीत आपल्या ओळखीच्यांची.

आता तू म्हणशील ताई, माझ्याकडे २१५ मिनिटं नाहीत. लागतही नाहीत. २००४ चा 'स्पायडर-मॅन २' घे, त्यात घरमालकाची मुलगी उर्सुला पीटरच्या, म्हणजे मास्कमागच्या स्पायडर-मॅनच्या, दारात येते आणि विचारते, चॉकलेट केक खाणार का? तो हो म्हणतो, मग ती दूधही देते, तो बसून खातो, बास. प्लॉटला या सीनची काडीची गरज नाही. पण पीटरचं आतून काय झालंय ते पीटरने न सांगता कळतं, कारण ती मुलगी त्याच्याकडे ज्या नजरेने बघते त्याच नजरेने आपणही बघायला लागतो. आणि पुढे ट्रेनचा सीन येतो, मास्क नसलेल्या बेशुद्ध पीटरला प्रवासी डोक्यावरून हातोहात आत घेतात, कोणीतरी म्हणतं हा तर अगदी पोरगा आहे, माझ्या मुलाहून मोठा नसेल. त्या माणसाचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पण त्याला घरी मुलगा आहे एवढं कळलं, तेवढं पुरलं.

इथे माझंच म्हणणं मी थोडं मोडते, कारण आधी ओळख करून दिलीच पाहिजे असा नियम काही नाही. बॅटमनच्या 'द डार्क नाइट'मध्ये दोन बोटी आहेत, एकीवर कैदी, एकीवर सामान्य लोक, आणि दोघांकडे दुसऱ्याची बोट उडवायचं बटण. एक धिप्पाड कैदी उठतो, अधिकाऱ्याकडून बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. त्याला आपण आधी पाहिलेलंच नाही, तरी काटा येतो अंगावर. का, तर त्याचा चेहरा बघून आपण मनात आधीच काहीतरी ठरवलेलं असतं आणि ते साफ चुकतं. म्हणजे सेटअप होता, तो आपल्या डोक्यात होता. हे फार अवघड आहे पण, पहिल्याच फिल्ममध्ये याच्या नादी लागू नकोस.

तुझ्या कामाचं उदाहरण खरं तर यिनसेनचं आहे. 'आयर्न मॅन'मध्ये गुहेत हिरोचा, टोनीचा, जीव वाचवणारा डॉक्टर, १९६३ च्या पहिल्या कॉमिकमध्येही तो वेळ मिळवून देण्यासाठी मरतो, फिल्मने त्याला एक घर दिलं. तो सांगतो इथून सुटलो की घरच्यांना भेटेन, आणि मरताना कळतं घरचे आधीच गेलेत, तो त्यांच्याकडेच निघालाय. म्हणजे तो हिरोसाठी मेला असं आपण म्हणतो तेव्हा त्याचं स्वतःचं काहीतरी चालू होतं. आणि नंतर टोनी सूट घालून पहिल्यांदा जातो ते यिनसेनच्याच गावाला, गुलमिराला.

तू इस्त्रीवाल्याच्या जागी जी लहान मुलगी टाकलीयस ना, जिला हिरो ढिगाऱ्यातून काढतो, तिला या सगळ्यातलं काहीच नाहीये. ती फक्त वाचवली जाण्यासाठी तिथे आहे. प्रेक्षकाला हे लगेच कळतं, राग नको मानूस, मी पण अशा खूप मुली लिहिल्यात आणि एक्का टाकल्यासारखं वाटायचं तेव्हा.

मुलगी ठेव हवी तर. पण इस्त्रीवाल्याला तीन शॉट दे, तिन्ही दहा सेकंदांच्या आतले, आणि तिन्हींत तो कपड्यांच्या गठ्ठ्यातून एकच शर्ट शोधत असू दे. तो शर्ट कोणाचा आणि आज संध्याकाळच्या आत का द्यायचाय ते मला रविवारपर्यंत लिहून पाठव, पुलाचा सीन आपण त्यानंतर उघडू.

तुझी ताई