वाचकांचे प्रश्न: फायबर ५५० मीटरच्या पुढं चालत नाही का?

प्रश्न: आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. घर रस्त्याला आणि पॅकहाऊस पार बागेच्या पलीकडं, वळणं धरून केबल ७०० मीटर भरते. तिकडं कॅमेरे आणि वायफाय पाहिजे. केबलवाला म्हणतो फायबर ५५० मीटरच चालते, मध्ये खांबावर स्विच लावावा लागेल आणि तिथपर्यंत लाईट ओढावी लागेल. खरं आहे का?

उत्तर: नाही, मध्ये काहीच लावायची गरज नाही. ५५० हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही, पण तो मल्टिमोड फायबरचा आहे आणि तोही १ जीबीपीएस स्पीडचा. मल्टिमोडचा गाभा, म्हणजे प्रकाश नेणारी आतली काच, ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातून प्रकाश एकाच वेळी बऱ्याच वाटांनी जातो, काही किरण सरळ काही आपटत आपटत, मग पलीकडे सगळे एका वेळी पोचत नाहीत आणि सिग्नलचे ठोके एकमेकांत मिसळतात. म्हणून स्पीड वाढवला की अंतर कमी होतं. १० जीबीपीएसला ओएम३ केबल (ओएम म्हणजे मल्टिमोडचे दर्जे) ३०० मीटर, ओएम४ ४०० मीटर, आणि जुनी ६२.५ मायक्रॉनची ओएम१ असेल तर फक्त ३३ मीटर!

तुम्ही सिंगलमोड घ्या. गाभा साधारण ९ मायक्रॉन, प्रकाशाला एकच वाट, त्यामुळे ही मिसळामिसळ होतच नाही. १० किलोमीटरवाले साधे मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारा, विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारा तुकडा) किंवा तेच काम करणारी वेगळी डबी, म्हणजे मीडिया कन्व्हर्टर, दोन्ही टोकांना लावले की झालं. हिशोब करून बघा, १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी घट (डीबी म्हणजे वाटेत प्रकाश किती कमी झाला त्याचं माप) म्हणजे ७०० मीटरला पाव डीबी, दोन कनेक्टरची फारतर १ डीबी, दोन स्प्लाइसची (वितळवून जोडलेल्या सांध्यांची) मिळून ०.२, एकूण दीड डीबीच्या आत, आणि अशा मॉड्यूलच्या जोडीला १० डीबीच्या आसपास घट चालते. उद्या १० जीबीपीएस हवं झालं तर केबल तीच राहते, फक्त मॉड्यूल बदलायचे.

मला विचाराल तर शेतात, सोसायटीत, शाळेच्या आवारात, कुठेही नवीन केबल टाकताना मल्टिमोड टाकूच नये. चर खणायला आणि मजुरीला खरा पैसा जातो, तो परत परत का घालवायचा. ४ ऐवजी ६ किंवा १२ कोअरची (आत तेवढे फायबरचे धागे असलेली) टाका, २ वापरा, बाकीचे राहू द्या, उंदराने कुरतडली किंवा कुदळ लागून एखादा कोअर गेला तर कामाला येतात. आर्मर्ड घेतली तर आतल्या पोलादी पत्र्याला अर्थिंग हवंच, काचेतून वीज जात नाही पण पत्र्यातून जाते. आणि कनेक्टर लावायच्या आधी पुसायला लावा, प्रत्येक वेळी. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर बारीक धुळीचा कण बसला तरी लिंक तुटत तुटत चालते आणि लोक केबलला दोष देतात.

प्रश्न: मग सेफ म्हणून सरळ ८० किलोमीटरवाले मॉड्यूलच घेऊ का?

उत्तर: अजिबात नको. त्याचा लेझर लांबच्या अंतरासाठी जोरदार असतो आणि समोरचा रिसीव्हर मंद प्रकाशासाठी बनवलेला, ७०० मीटरवर तो प्रकाश जसाच्या तसा आदळला तर रिसीव्हर जळू शकतो. मध्ये ॲटेन्युएटर (प्रकाश मंद करणारा तुकडा) लावून चालवता येतं, पण पैसे देऊन घेतलेली ताकद परत पैसे देऊन कशाला मारायची.

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या गावात घरी फायबरचं कनेक्शन आहे, राउटरवर सारखा लाल दिवा येतो. कंपनीचा माणूस म्हणतो तुम्ही एक्स्चेंजपासून १२ किलोमीटर लांब आहात, काही करता येणार नाही.

उत्तर: घरोघरी येणारं जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) २० किलोमीटरपर्यंत चालतं, त्यामुळे नुसतं १२ किलोमीटर हे कारण पुरत नाही. तिथं प्रकाशाचा खरा खर्च स्प्लिटरचा, म्हणजे प्रकाश वाटणाऱ्या डबीचा. एक फायबर ६४ घरांत वाटला की त्यातच २० डीबीच्या वर जातात, १२ किलोमीटरला वरच्याच हिशोबाने ४ च्या आसपास, जॉइंट आणि कनेक्टरचे दोन-तीन, आणि जीपॉनच्या नेहमीच्या बी प्लस वर्गाच्या उपकरणांना एकूण घट चालते ती २८ डीबीपर्यंत. म्हणजे गाडी आधीच काठावर, मग कुठं केबल खिळ्यावर घट्ट वाकवलेली असली किंवा डबीत पाणी शिरलं की दिवा लाल.

तुम्ही त्याला पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. उणे २७ डीबीएम (डीबीएम म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) ही राउटरची शेवटची हद्द, उणे २५ च्या अलीकडे म्हणजे उणे २०-२२ वगैरे आला तर ठीक. उणे २६ दाखवत असेल तर आधी भिंतीवरच्या डबीतलं वेटोळं आणि कनेक्टर बघायला लावा, मग खांबावरचा जॉइंट, आणि तिथंही काही सापडलं नाही तर कमी घरांच्या स्प्लिटरवर कनेक्शन हलवून मागा. तक्रार लेखी द्या आणि त्यात तो आकडा लिहा, आकडा असला की ते लोक टाळू शकत नाहीत.