तुमचं बाळ, तुमचे प्रश्न : डबा कोणता घेऊ?

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझा मुलगा पावणेतीन महिन्यांचा आहे, पहिलाच. सिझर झालं होतं आणि दूध यायला तीन-चार दिवस लागले म्हणून तिथेच पावडर सुरू झाली ती सुरूच राहिली. आता अंगावर दिवसातून दोन-तीनदा पितो, तेही पाच मिनिटं, बाकी सगळं डब्याचं. प्रॉब्लेम असा आहे की बाटली तोंडाला लावली की दोन घोट घेतो आणि मग अंगाची कमान करतो, मान मागे टाकतो, किंचाळून रडतो. प्यायल्यावर अर्ध्या तासाने दह्यासारखं बाहेर काढतो. शीमध्ये शेंबडासारखं चिकट असतं आणि मागच्या आठवड्यात दोनदा रक्ताची बारीक रेघ दिसली. गालांवर आणि गुडघ्यामागे खरखरीत लाल रॅश आहे. आत्तापर्यंत चार डबे बदलले, प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. डब्यावर ३० मिलीला एक स्कूप लिहिलंय पण त्याला जड पडतं म्हणून आम्ही ४५ मिलीला एक घालतो. जन्माचं वजन २.९ किलो होतं, आता ४.९ आहे पण गेल्या पंधरा दिवसांत १८० ग्रॅमच वाढलं. नणंद म्हणते लॅक्टोज फ्री आण, मेडिकलवाले सोया म्हणतात, सासूबाई म्हणतात शेळीचं दूध दे, गावाकडे सगळी पोरं त्यावरच वाढली. प्लीज एका चांगल्या ब्रँडचं नाव सांगा, मी तोच आणते.
— एक आई, चिंचवड

उत्तर : अगं, तुला अगं-तुगंच करते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. पत्र दोनदा वाचलं. तू ब्रँड विचारलास, पण तुझ्या पत्रातलं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे आणि तू ते जाता जाता लिहून गेलीस, ४५ मिलीला एक स्कूप. हे आज रात्रीच्या फीडपासून बंद कर. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतसुद्धा थांबू नकोस.

का ते सांगते, म्हणजे घरात समजावून सांगायला तुला बरं पडेल. नीट मापाने केलेल्या फॉर्म्युलाच्या १०० मिलीमध्ये साधारण ६७ कॅलरी असतात. तीसच्या जागी पंचेचाळीस मिली पाणी घातलं की त्याच १०० मिलीत उरतात साधारण ४५. तुझ्या बाळाला वजनाच्या हिशोबाने दिवसाला सुमारे ४९० कॅलरी लागतात, म्हणजे सगळं दूध डब्याचंच असेल तर ७३५ मिलीच्या आसपास, किलोमागे दीडशे मिली असा आम्ही अंदाज धरतो. तेवढंच दूध तुमच्या मापाने दिलं तर पोटात जातात सव्वातीनशे. पोट भरतं पण अंगाला लागत नाही. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वजन वाढायला हवं, तुझ्याकडे रोजचं बाराच ग्रॅम निघतंय. आणि नुसत्या वजनाचाच प्रश्न नाहीये, जास्त पाणी गेलं की लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम खाली जातं आणि त्याने फिट येऊ शकते. उलटं पण तितकंच वाईट, बाळ अंग धरत नाही म्हणून स्कूप शिगोशीग भरून घालतात, त्याने सोडियम वर जातं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. डब्यावर जे माप आहे तेच, स्कूप सुरीच्या पाठीने सपाट करून, आणि तो त्याच डब्यातला, कारण दुसऱ्या डब्याचा स्कूप लहान-मोठा असू शकतो. आधी पाणी मोजायचं मग पावडर.

आता ब्रँड. नाव मी देणार नाही, राग मानू नकोस. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, त्यात दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं डब्याचं दूध, बाटल्या, बेबी फूड या कशाचीच जाहिरात करता येत नाही, फुकट सॅम्पल वाटता येत नाहीत. मला तो कायदा मनापासून पटतो. आणि नाव सांगून तुझं भलं होणारही नाही, कारण शून्य ते सहा महिन्यांचे साधे डबे सरकारी नियमांनी ठरवून दिलेल्या चौकटीतच बनतात, त्यांच्यात उन्नीस-बीस फरक. तू चार डबे बदललेस म्हणतेस ना, रंग चार होते, आत चारही वेळा गायीच्या दुधाचंच प्रोटीन होतं. दोन दिवस बरं वाटतं ते बहुतेक योगायोगाने, रडणाऱ्या बाळाचे चांगले-वाईट दिवस तसेही येतातच.

आणि इथेच माझी शंका आहे. शीत रक्ताची रेघ आणि शेंबूड, रॅश, दूध पिताना कमान करणं, वजन मागे पडणं, हे सगळं एकत्र आलं की गायीच्या दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी डोक्यात यायलाच हवी. शंभर बाळांत दोन-तीन जणांना असते, म्हणजे फार दुर्मीळ नाही. पण पत्रावरून निदान होत नाही. रक्त शी कडक होऊन चिरल्यामुळे येऊ शकतं, इन्फेक्शनमुळे येऊ शकतं, म्हणून या आठवड्यातच बाळरोगतज्ज्ञांना दाखव, रक्त दिसलेलं लंगोट किंवा डायपरचा फोटो बरोबर ने, त्याचा खूप उपयोग होतो. रक्त जास्त आलं, बाळ मलूल पडलं, सहा तास शू झाली नाही तर आठवडा कसला, त्याच वेळी हॉस्पिटल. दूध पिऊन काही मिनिटांत ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला त्रास झाला तर तेही तसंच, ती ॲलर्जीची दुसरी, झटक्याने येणारी तऱ्हा.

तुझ्या बाळाला वाटतेय ती संथ तऱ्हा, त्यात रक्ताची ॲलर्जी टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि लोक म्हणतात चला, काही नाही. खरी टेस्ट म्हणजे दोन ते चार आठवडे गायीच्या दुधाचं प्रोटीन पूर्ण बंद, फरक पडतो का बघायचं, आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार परत देऊन त्रास परत येतो का ते बघायचं. ही दुसरी पायरी घरचे घाबरून टाळतात, मी समजू शकते, कशीबशी शांत झोप मिळालेली असते. पण ती टाळली तर नसलेल्या ॲलर्जीचं लेबल लागतं आणि ॲलर्जीवरचं खास, महागडं दूध वर्ष-दीड वर्ष उगाच चालू राहतं.

आता तिघांचे सल्ले. नणंदेचं लॅक्टोज फ्री. लॅक्टोज ही दुधातली साखर, ॲलर्जी असते ती प्रोटीनची. बहुतेक लॅक्टोज फ्री डब्यांत प्रोटीन गायीचंच असतं, त्यामुळे ॲलर्जी असेल तर काडीचा उपयोग नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी रोज ऐकते, शिकलेल्या घरांतूनही. आईच्या दुधात लॅक्टोज गायीच्या दुधापेक्षा जास्त असतं, १०० मिलीला जवळपास सात ग्रॅम, निसर्गाने बाळासाठी तीच साखर ठेवलीये. जन्मतःच ती न पचणारी बाळं अगदी विरळा. हां, मोठे जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस लॅक्टोज पचत नाही, तेव्हा डॉक्टर तो डबा थोडे दिवस देतात, तेवढंच त्याचं काम.

सोया. सहा महिन्यांच्या आत आम्ही शक्यतो देत नाही, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाचीही असते. आपल्याकडे पैशांचा विचार करून डॉक्टर कधी कधी देतात, तो त्यांनी बाळ बघून घ्यायचा निर्णय आहे, मेडिकलच्या काउंटरवर घ्यायचा नाही. आणि सोया फॉर्म्युला म्हणजे दुकानातलं पॅकेटमधलं सोया मिल्क नव्हे, ते या वयाला अजिबात नको.

शेळीचं दूध. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांची माया कळते. पण शेळीच्या दुधातलं प्रोटीन गायीच्या प्रोटीनशी इतकं मिळतंजुळतं असतं की ज्यांना गायीचं सोसत नाही त्यांच्यातल्या दहातल्या नऊ बाळांना शेळीचंही सोसत नाही. म्हशीचं त्याच वाटेने. वर शेळीच्या दुधात फॉलिक ॲसिड कमी, त्याने रक्त कमी होतं. गायीचं साधं दूधसुद्धा मुख्य आहार म्हणून वर्षाच्या आत नकोच, त्यात लोह फार थोडं असतं.

मग ॲलर्जी ठरली तर काय? ज्यात प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात असा फॉर्म्युला मिळतो, डॉक्टर त्याला एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड म्हणतील. बहुतेक बाळं त्यावर बरी होतात. ज्यांचं तेवढ्याने भागत नाही किंवा त्रास फार तीव्र असतो त्यांच्यासाठी अमिनो ॲसिडवाला, म्हणजे ज्यात प्रोटीनचे तुकडेही न ठेवता त्याचे सुटे घटकच असतात तो. लेबल नीट वाच, नुसतं ‘एचए’ (हायपोॲलर्जेनिक) किंवा अर्धवट हायड्रोलाइज्ड लिहिलेला डबा या आजारावरचा नाही, नाव सारखं वाटतं म्हणून फसायला होतं. हे दूध कडवट लागतं, वास विचित्र येतो, बाळ पहिले काही दिवस तोंड वाकडं करेल, शी हिरवट होईल, तेवढ्यावरून घाबरून बंद करू नकोस. तुझं दूध काढून त्यात थोडं मिसळलंस तर चव जरा बदलते. महाग आहे, हे लपवत नाही, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं, त्यामुळे संपायच्या आठवडाभर आधी ऑर्डर दे.

पण त्याआधी मला तुझ्या दुधाबद्दल बोलायचंय. तू पत्रात त्याला ‘तेही पाच मिनिटं’ म्हणून सोडून दिलंस. ते पाच मिनिटांचं दूध सोडू नकोस. बाळ नीट धरत नाही म्हणजे लॅच चुकत असेल, जीभ खाली चिकटलेली असेल, किंवा त्याला बाटलीच्या जोराच्या धारेची सवय लागली असेल. स्तनपान सल्लागार एकदा समोर बसून बघेल तर या तिन्हीचा उलगडा होतो. पावणेतीन महिने झाले तरी उशीर झालेला नाही, वारंवार पाजून आणि काढून दूध वाढतं. ॲलर्जी असेल तर तुलाही त्या दोन-चार आठवड्यांत दूध, दही, ताक, पनीर, लोणी, तूप बंद करावं लागेल, आणि बिस्किट, ब्रेड, चॉकलेट यांतली लपलेली दूध पावडरसुद्धा. बाळंतिणीला तूप बंद म्हटल्यावर घरात वादळ होईल, माहितीये मला. हळिवाचे लाडू नारळ-गुळात तुपाशिवाय होतात, नाचणी आणि तीळ खा, आणि कॅल्शियमची गोळी डॉक्टरांकडून लिहून घे.

दूध करायची पद्धत पण थोडक्यात सांगते. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली जायच्या आत (साधारण अर्ध्या तासाच्या आत) पावडर घालायची, मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं, बाळाचं उष्टं तर लगेचच. रात्रीसाठी दूध करून थर्मासमध्ये ठेवतात ना, ते कधीच करू नका, कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. थर्मासमध्ये नुसतं उकळतं पाणी ठेवा. आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं वापरून बघ, धुवायला सोपं, बाळाला स्वतःच्या वेगाने पिता येतं, आणि अंगावर प्यायची सवयही मोडत नाही.

प्रश्न : माझा नातू सहा आठवड्यांचा आहे. दहा दिवसांपासून प्रत्येक वेळी दूध प्यायल्यावर कारंज्यासारखी उलटी करतो, हातभर लांब जाते. लगेच परत भूक भूक करतो. वजन उतरलंय. सून म्हणते पावडर बदलायची, कुठली बदलावी?
— एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, इथे छापतोय ते बाकीच्या घरांसाठी. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाला, त्यातून मुलगा असेल तर जास्तच, अशी जोरात उडणारी उलटी आणि लगेच भूक असेल तर जठराचं खालचं तोंड जाड होऊन अरुंद झालेलं असू शकतं. ते सोनोग्राफीत दिसतं, छोट्या ऑपरेशनने बरं होतं, बाळ एक-दोन दिवसांत नीट प्यायला लागतं. कुठलीही पावडर यावर चालत नाही आणि पावडर बदलण्यात गेलेले दिवस बाळाच्या अंगातलं पाणी आणि क्षार घेऊन जातात. उलटी हिरवी असेल तर कुठल्याही वयात, तासाभराचाही उशीर नको.

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांची, पूर्ण फॉर्म्युलावर. दिवसात सात-आठ वेळा दूध बाहेर टाकते, पण हसते-खेळते, वजन ६.४ किलो. मित्राने घट्ट दुधाचा एआर डबा सुचवलाय, आई म्हणते बाटलीत तांदळाची पेज घाल. आणि सहा महिन्यांनंतर दोन नंबरचा डबा लागतोच का?
— एक बाबा, नाशिक

उत्तर : वजन छान आहे, मुलगी मजेत आहे, म्हणजे ही नुसती गुळणी आहे, आजार नाही. अन्ननलिकेच्या खालची झडप अजून कच्ची असते, चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं आणि बसायला-उभं राहायला लागली की कमी होत वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. एआर डबा आत्ता नको. पेजही नको, त्याने मापाचा सगळा हिशोब बिघडतो आणि बाटलीच्या भोकातून यायला त्रास होतो तो वेगळाच. एका वेळी थोडं कमी आणि जास्त वेळा द्या, मध्ये थांबून ढेकर काढा, नंतर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभी धरा. झोपवताना पाठीवरच, गुळणी करते म्हणून पोटावर किंवा कुशीवर नको, उशी तर नकोच. तुमच्या खांद्यावर कायम एक जुना पंचा लागेल पुढचे तीन-चार महिने, तेवढं सोसा.

दोन नंबरचा डबा सक्तीचा नाही. एक नंबरचाच वर्षापर्यंत चालतो, सहा महिन्यांनंतर बाकीची भूक वरणभात, नाचणीची खीर, मऊ खिचडी, कुस्करलेली केळी यांनी भागवायची. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नका.