पाचगणीच्या नेतृत्व शिबिराला मुलाला पाठवावं का? परदेशी लोक येतात त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

ताई, आधी उत्तर: पाठवा.

तुमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला एशिया प्लॅटोच्या, म्हणजे पाचगणीच्या त्या केंद्राच्या, शिबिराला जायचंय. नोकरीला फायदा होतो का, तिथे मिशनरी प्रकार चालतो का आणि परदेशातली माणसं कशाला येतात, हे तुम्ही विचारलंय. वर तुमचे दीर म्हणतात, "मूल्यं, संवाद, नेतृत्व हे सगळं पोट भरलेल्यांचं काम." हेच वाक्य माझे साडू प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मला ऐकवत आलेत. म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, होतो. आमच्याकडे जुनं भांडण होतं डॅमेजच्या, म्हणजे बिघडलेल्या नगांच्या, कपातीचं. विणकराला पगार नगावर. टॉवेलला बीम, म्हणजे सुताचे रूळ, दोन: एक जमिनीचा आणि एक लूपचा. लूपच्या बीमवरचं सूत कच्चं निघालं की तार सारखी तुटते, लूप सुटतात आणि टॉवेलवर टक्कल पडल्यासारखी पट्टी दिसते. तो नग डॅमेजमध्ये, आणि कपात विणकराच्या हप्त्यातून. सूत आणलं कुणी? मालकाने, स्वस्तात लॉट मिळाला म्हणून. हे कांडी भरणाऱ्या बाईलाही कळायचं, पण ऑफिसात कुणी बोलायचं नाही.

एका दिवाळीच्या तोंडावर ते पेटलं. बोनसच्या मीटिंगमध्ये युनियनच्या अण्णांनी डॅमेजचे टॉवेल टेबलावर आपटले, मालक उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप. पुढे कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तडजोड झाली, बोनसचा आकडा ठरला, गेट उघडलं. कपात होती तशीच राहिली.

त्यानंतर मालकाच्या मुलाला पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून पाचगणीचं कळलं. तिथल्या औद्योगिक शिबिरांची पद्धत अशी की साहेब आणि कामगार एकाच खोलीत बसतात. तेव्हा मालकाचा मुलगा, अण्णा, दोन विणकर आणि मी असे एकाच जीपमधून निघालो. पंढरपूरपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. फलटणला चहाला थांबलो, तर अण्णांनी स्वतःचे पैसे स्वतः दिले. वाई सोडून पसरणीचा घाट चढेपर्यंत तेच.

तिथे पहिल्या संध्याकाळी जेवणानंतर गट पाडले आणि भांडी घासायला लावलं. सगळ्यांनाच लावतात. मालकाचा मुलगा आणि अण्णा एका सिंकवर आले. त्या पोराला ताट घासायची सवय नव्हती, काठाला आमटी तशीच राहायची. अण्णा काही न बोलता ते ताट परत त्याच्या हातात द्यायचे. तीन-चारदा परत दिल्यावर तो हसला, अण्णा नाही हसले.

परदेशी माणसांचं विचारलंत ना? आमच्या गटात उत्तर आयर्लंडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला उपदेश अजिबात केला नाही. आपल्या गावातल्या दोन पंथांचं भांडण सांगितलं आणि त्यात आपल्या बाजूने काय काय वाईट केलं तेवढंच सांगितलं. एक मुलगी हिंदीत समजावत होती. अण्णांनी विचारलं, "मग तुमच्यात आधी कोण बोललं?" ते म्हणाले, ज्यांच्या हातात जास्त होतं त्यांनी आधी बोलायला हवं होतं, आम्ही फार उशीर केला. उपयोग म्हणतात तो हा. सोलापुरातल्या कुणी हेच सांगितलं असतं तर आम्ही आधी त्याची जात, भाषा आणि पार्टी बघितली असती. लांबच्या माणसाकडून ते ऐकून घेतलं.

सकाळी तिथे शांत बसायचं असतं. वही घेऊन बसायचं, मनात येईल ते लिहायचं आणि वाटलं तर गटात वाचायचं. शेवटच्या सकाळी मालकाच्या मुलाने वाचलं. लॉट हलका आहे हे त्याला खरेदीच्या दिवशीच माहीत होतं, तरी कपात चालू ठेवली, असं होतं त्यात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी गळ्यात पडलं नाही. अण्णा म्हणाले, "बरं. आता हे रजिस्टरात कुठं लिहायचं ते सांगा."

तिथेच जेवणाच्या टेबलावर ठरलं. डॅमेजच्या रजिस्टरात सुताच्या लॉट नंबरचा नवा रकाना. एकाच लॉटवर दोन वेगळ्या विणकरांचे नग बिघडले तर दोष सुताचा धरायचा आणि कपात नाही. परत आल्यावर थोरल्या मालकांनी पुष्कळ आदळआपट केली, पण रकाना आखला गेला. मी स्वतः पट्टी धरून आखलाय तो.

आता मिशनरीचं. संस्थेचं मूळ ख्रिस्ती आहे, ते लपवायचं कारण नाही. फ्रँक बुकमन नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९३८ मध्ये लंडनमध्ये नैतिक शस्त्रसज्जतेची (मॉरल री-आर्मामेंट) ही चळवळ सुरू केली. महायुद्धानंतर १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या को गावातलं एक जुनं मोठं हॉटेल स्विस कुटुंबांनी पदरचे पैसे घालून घेतलं आणि तिथे फ्रेंच-जर्मन लोकांना समोरासमोर बसवलं. आयरीन लोर ही मार्सेची समाजवादी बाई, नाझींविरुद्धच्या लढ्यात होती, तिच्या मुलाचे हाल केले होते. १९४७ ला तिथे जर्मन माणसं दिसताच ती निघून चालली होती. ती थांबली आणि सगळ्यांसमोर उभी राहून आपल्या मनातल्या द्वेषाबद्दल तिने जर्मनांची माफी मागितली. साडूंना हा किस्सा सांगितला की म्हणतात, बघ, मार खाल्लेल्यानेच माफी मागायची! आक्षेप योग्य आहे. आमच्याकडे मात्र तसं झालं नाही, आमच्याकडे आधी मालकाचा मुलगा बोलला. पाचगणीचं केंद्र राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलं. १९६३ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत यात्रा काढली होती, १९६८ ला केंद्र सुरू झालं. २००१ पासून संस्थेचं जागतिक नाव इनिशिएटिव्हज ऑफ चेंज. धर्म बदलायला मला तिथे कुणी सांगितलं नाही. अण्णा रोज सकाळी मार्कंडेयाचं नाव घेऊनच वही उघडायचे.

परदेशी पैशाची शंका असेल तर कोणत्याही संस्थेला सरळ विचारा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला फिरवता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. दरवर्षी गृह मंत्रालयाला हिशोब द्यावा लागतो. विचारल्यावर जी संस्था चिडते तिथे पाठवू नका.

आणि परदेशाशी नातं म्हणजे फोटो काढायचे, असं सोलापूरकराने तरी म्हणू नये. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. भैया चौकात त्यांचं स्मारक आहे, मुलाला निघण्याआधी तिथे घेऊन जा.

नोकरीला फायदा? सर्टिफिकेटचा नाही. त्यासाठी जायचं असेल तर त्या पैशात एखादा कोर्स करू दे. जमलं तर कॉलेजातल्या ज्याच्याशी त्याचं पटत नाही त्यालाही सोबत जाऊ दे, एकट्याने जाऊन येण्यात अर्धंच हाती लागतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. १९३६ मध्ये बुकमनने एका मुलाखतीत हिटलरसारखा माणूस झाला म्हणून देवाचे आभार मानले होते. त्याचा डाग या चळवळीवर आजही आहे, आणि असायला हवा. पुढच्या काळात ही मंडळी कट्टर कम्युनिस्टविरोधी होती, त्यामुळे लाल बावट्यातले माझे साडू त्यांच्याकडे संशयाने बघतात, ते उगाच नाही. शिवाय संवाद हा कायद्याला पर्याय नाही. किमान वेतन, पीएफ, ईएसआय यांवर वही उघडून चर्चा करायची नसते, ते द्यायचंच असतं. समोरचा येऊन बसायलाच तयार नसेल तर पाचगणीचा उपयोग शून्य.

साडूंचं म्हणणं, तो रकाना टिकला तो युनियनने पुढच्या करारात लिहून घेतला म्हणून. खरं आहे. लिहून घेतला नसता तर थोरल्या मालकांनी दुसऱ्या वर्षी खोडला असता. पण साडूंनी मला एक दाखवावं. त्याआधीच्या कुठल्याही वर्षीच्या मागणीपत्रात "सुताचा लॉट" हे दोन शब्द होते का? मी ती सगळी पत्रं वाचलीत. प्रत्येकात एकच ओळ होती, कपात बंद करा. त्यावर दरवर्षी मालकांचं एकच उत्तर यायचं, काम नीट करा. लॉट नंबर लिहायचा, हे त्या जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा निघालं, आणि ते अण्णांनीच काढलं.